हुग्गीची भरड

लाईट गेली आणि गिरणी थांबली. गिरणी झटकन कधी थांबत न्हाय. आधी पट्टा सैल पडतो, दगड दोन-चार चकरा उगाच मारतात, घरघर खाली खाली बसत जाते, आणि मग अशी काही शांतता होते की कान दुखायला लागतात. बाहेर हैदराबाद रोडचे ट्रक चालूच असतात, हॉर्न चालूच असतात, पण ज्याचा जन्म गिरणीत चाललाय त्याला ही आतली शांतता वेगळी कळते. मी कुणाचीतरी ज्वारी डब्यात मोजत होते. हात तसाच राहिला. पोत्यांच्या थप्पीमागून आवाज येत होता, बारीक, एका लयीत, आणि तो माझ्या पोरीचा आवाज होता. शिवकन्या मठाच्या पाठातलं वचन म्हणत होती. त्याच्याखाली चाळणीची सर्र सर्र. एक वचन सबंध म्हणून झालं, दुसरं सुरू झालं, आणि त्याच्या मध्यावर कुठंतरी चाळण थांबली, आवाजही तिथंच तुटला. मी थप्पीमागं डोकावले तर ही मांडीवर चाळण घेऊन बसलेली, भुवया पिठानं पांढऱ्या झालेल्या, आणि माझ्याकडं अशी बघतेय की मी जसं काय तिला चोरी करतानाच धरलंय.

काय म्हणत होतीस गं, विचारलं तर काई न्हाय म्हणाली आणि चाळण टाकून रस्त्याकडं पळाली. चाळणीतलं पीठ माझ्या पायावर. एरवी मी तिथंच तोंड सोडलं असतं. माझं तोंड सगळ्या पेठेला ठाऊक आहे, गिरणीत बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागतं आणि मग तो आवाज घरीही खाली येत न्हाय. पण त्या दिवशी मी पीठ झाडायचंही विसरले. समोरचा माणूस म्हणाला, ताई, ज्वारी. मी म्हणाले, थांबा जरा.

आता पोरगी दोन वचनं म्हणाली ह्यात एवढं दचकण्यासारखं काय, असं कुणी म्हणंल. त्यानं शिवकन्याला बघितलेलं नसणार. ही पोर नऊ वर्षांची झाली, पण एका जागी बसून तिनं भाकरीसुद्धा पुरी खाल्लेली न्हाय. पहिला घास घरात, दुसरा दारात, तिसरा कुत्र्याला. पाण्याच्या बाटल्या हरवल्या, चपला हरवल्या, कंपासपेट्या हरवल्या, एकदा तर दप्तरच एसटी स्टँडवर विसरून आली आणि विचारलं तर म्हणते, कुठलं दप्तर. पुस्तक उघडलं की तिला खिडकीबाहेरचं दिसायचं, खिडकी लावली की पंखा दिसायचा, पंखा बंद केला की स्वतःच्या पायाचा अंगठा दिसायचा. माझे मालक, तिचे बाप बंडप्पा, म्हणायचे, राहू दे, वारं आहे ते. वारं! ते सकाळी टेम्पो घेऊन सोलापूरला जायचे ते रात्री परत. वाऱ्याला धरून शाळेत बसवायचं काम माझ्याकडं.

आणि शाळा म्हणजे मठाची. आमच्या लिंगायतांची जुनी शाळा, मठाच्या आवारातच भरते. मठाचे स्वामी, त्यांना लहानथोर सगळेच अप्पा म्हणतात, ते स्वतः सोमवारी पोरांना घेऊन इष्टलिंगाच्या पूजेला बसतात. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग काढायचं, डाव्या तळहातावर ठेवायचं, नजर त्यावर ठेवायची आणि हलायचं न्हाय. मोठ्या माणसाला जड जातं ते. चौथी संपताना प्रत्येक पोरानं तसंच अप्पांपुढं बसून पाठातली सगळी वचनं म्हणून दाखवायची. तीन वेळा बसता येतं. तिसऱ्या वेळीही न्हाय जमलं तर पाचवी दुसरीकडं बघा. नियम जुना आहे, आणि मठात एखाद्यासाठी नियम वाकला असं मी तरी कधी ऐकलेलं न्हाय. माझे मालक त्याच शाळेत शिकले, नणंदा शिकल्या. पण ते सगळं मी सोडून दिलं असतं, गावात शाळा काय कमी आहेत का. मला सोडता येत नव्हतं ते पोरीमुळंच. तिला ती शाळा जीव की प्राण. मठाच्या गाईंची नावं तिला पाठ, कुठली गाय कुणाला शिंग मारते तेही पाठ, घंटा वाजवायला मिळावी म्हणून ती रविवारीही जाऊन यायची. ज्या पोरांना शाळा नको असते ती सगळी निवांत बसून पुढं सरकली, आणि जिला शाळा हवी होती तिचाच पाय बाहेर पडायला निघाला होता. ह्याचा मला असा राग यायचा की कुणावर काढावा कळायचं न्हाय, मग तो तिच्यावरच निघायचा.

पहिल्यांदा बसवलं ते संक्रांतीनंतरच्या सोमवारी. मठाचा मंडप थंडगार, बाया भिंतीला टेकून, पोरं पांढऱ्या कपड्यांत, कपाळाला विभूती. शिवकन्या बसली तेव्हा मला वाटलं, बसली बाई. तळहातावर लिंग, नजर खाली, पहिलं वचन ओठांवर आलेलं मला दिसलं. मग तिच्या पायाची बोटं हलायला लागली. मग मान वर गेली, वाशावर पाल होती. मग लिंग डबीत गेलं, डबीचा दोरा बोटाला गुंडाळला गेला, आणि अप्पांच्या समोर, सगळ्या मंडपासमोर, माझी लेक ती डबी गोफणीसारखी गरागरा फिरवायला लागली. आमच्यात लिंग म्हणजे जीव. गळ्यातलं लिंग हरवलं म्हणून अन्न सोडलेली माणसं माझ्या सासूबाईंनी डोळ्यांनी बघितलीत. मंडपातल्या बायांनी एकदम श्वास ओढलेला मला अजून ऐकू येतो. अप्पांनी फक्त एक बोट वर केलं. डबी थांबली, पोर उठली आणि जी पळाली ती गोठ्यात. मी मागं गेले तर गाईच्या गळ्यात हात घालून रडत होती आणि गाईला सांगत होती की मला येत होतं. मला येत होतं गं. मी ते खरं धरलं न्हाय, गाईनं धरलं असंल.

शिवरंजनी मॅडम तिच्या वर्गशिक्षिका. उंच, हळू बोलणाऱ्या, इतक्या हळू की माझ्यासारखीला पुढं वाकावं लागतं. त्यांनीच सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. डॉक्टरीणबाईंनी पोरीला खेळायला ठोकळे दिले, मला पुष्कळ काही विचारलं, आणि शेवटी म्हणाल्या की हिला एडीएचडी आहे. मला ते मोटारीच्या नंबरासारखं वाटलं. लाड न्हाईत, आळस न्हाय, तुमचं वळण चुकलं असंही न्हाय, मेंदूची ठेवणच अशी आहे, लक्ष एका जागी धरून ठेवायला तिला इतरांपेक्षा लई जास्त जोर लावावा लागतो, असं त्या म्हणाल्या. ओरडू नका. काम छोटं छोटं करून द्या. हालचालीला वाव द्या. औषधाचं पुढं बघू, आधी घर आणि शाळा बदलून बघा. मी मान डोलावत होते आणि आतून म्हणत होते, बाई, घर बदलता येईल, मठ कसा बदलू. येताना नळदुर्गपर्यंत मी खिडकीबाहेर बघत रडत होते. ते रडू दुःखाचं नव्हतं. माझं वळण चुकलं न्हाय, असं आजवर मला कुणी म्हणालंच नव्हतं.

तर अशा पोरीच्या तोंडून, लाईट गेल्यावर, थप्पीमागून, दीड वचन. म्हणजे तिला येत होतं. गाईला ती खरंच सांगत होती.

त्या रात्री मी जेवतानाही तेच घोळवत होते. घरी अभ्यासाला बसवलं की चार ओळी येत न्हाईत, मंडपात एक शब्द फुटत न्हाय, मग गिरणीतच कसं? आणि मला वाटलं, कळलं. आवाज! मंडप शांत, घर शांत, गिरणीत मात्र घरघर. पोर पाळण्यात होती तेव्हापासून त्या घरघरीत झोपलीय. गिरणी बंद असली की ही तान्ही रडायची, बंडप्पा रिकामीच गिरणी चालू करायचे, विजेचं बिल आठवून माझा जीव जायचा पण पोर झोपायची. मग काय, मला वाटलं आपल्याला किल्लीच सापडली. दुसऱ्या दिवशी मी मोबाईल पोत्यावर ठेवून गिरणीचा आवाज भरून घेतला. मॅडमना सांगितलं. त्या अप्पांना विचारून आल्या. अप्पा म्हणाले होते, आणा.

दुसऱ्या वेळची ती सकाळ मला आठवू नये असं वाटतं आणि हसूही येतं. मंडप तसाच थंडगार, बाया तशाच भिंतीला टेकून. पोर बसली, तळहातावर लिंग घेतलं, आणि मी मागून मोबाईल चालू केला. आमची गिरणी, जिच्या आवाजानं शेजारच्या भिंतीला तडा गेलाय, ती त्या मोबाईलातून डासासारखी गुणगुणायला लागली. पोरं फिस्सकन हसली. मी गडबडून आवाज वाढवला तर आत रेकॉर्ड झालेला माझाच आवाज मंडपात घुमला, मिरचीवाल्या बाईला मी शिव्या घालत होते तो. त्याच्यानंतर कोण थांबतंय. मास्तर हसले, बाया पदर तोंडाला लावून हसल्या. अप्पा हसले न्हाईत, तेच जास्त लागलं. शिवकन्याचे कान लाल झाले होते. तिनं लिंग नीट डबीत ठेवलं, ह्या वेळी अगदी नीट, उठली आणि पळाली न्हाय. चालत गेली. मला ती पळाली असती तर बरं वाटलं असतं.

गिरणीवालीची अक्कल ती. गिरणीवाल्याला वाटतं सगळं जग गिरणीच्याच आवाजावर चालतं.

दोन दिवसांनी दुपारी मॅडम गिरणीत आल्या. चांगल्या साडीनिशी पोत्यावर बसल्या, मी पुसायला धावले तर राहू द्या म्हणाल्या. गिरणी चालू होती म्हणून मी ओरडून बोलत होते आणि त्या त्यांच्याच आवाजात बोलत होत्या, शेवटी मीच स्विच बंद केला. मग त्यांनी मला त्या दिवसाचं सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. लाईट गेली. गिरणी थांबली. मग आवाज ऐकू आला. मॅडम म्हणाल्या, "उमाताई, गिरणी थांबल्यावर ऐकू आला ना? मग शांततेतही ती म्हणतच होती." एक वचन सबंध. शांततेत. मीच तर ऐकलं होतं. त्यांनी विचारलं, "तेव्हा तिचे हात काय करत होते?"

चाळण. सर्र सर्र. चाळण थांबली तेव्हा आवाज थांबला होता. आवाज तुटला एवढंच मी धरून बसले, चाळणीकडं कधी बघितलंच न्हाय.

आम्ही पोरीला हाक मारली. चाळण हातात दिली, चाळायला खरं पीठ दिलं, खोटं काम तिला लगेच कळतं. मॅडमनी काही विचारलं न्हाय, रस्त्याकडं बघत बसल्या. थोड्या वेळानं चाळणीबरोबर वचन सुरू झालं. एक, दुसरं, तिसरं. बाहेर ट्रकचा टायर फुटला तरी पोर दचकली न्हाय. मी मॅडमकडं बघितलं, तर त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसायला घेतला होता आणि त्या तोच पुसत बसल्या होत्या.

त्यानंतर वर्गात एक सूप आलं. मॅडमनी तिला मागच्या खिडकीपाशी सतरंजी टाकून दिली, सुपात कधी तूर, कधी चिंचोके, आणि निवडता निवडता धडा ऐकायचा. बाकीचे मास्तर म्हणाले म्हणं की शाळा आहे का वाण्याचं दुकान. मॅडम म्हणाल्या, तूर मठाच्याच कोठीची आहे, फुकट निवडून मिळतेय. महिन्याभरात शिवकन्यानं उभं राहून, हातात चिंचोके खुळखुळवत, सबंध धडा वाचून दाखवला. गणितात पहिल्यांदा पास झाली. बाटली मात्र अजून हरवते. हरवू दे.

पण मंडपाचं काय? एका तळहातावर लिंग, मग चाळणार कसं आणि निवडणार कसं. तिसरी वेळ बसव जयंतीच्या आदल्या दिवशी होती, आणि ती शेवटची. मी आणि मॅडम डोकं लावून थकलो. तेव्हा माझ्या सासूबाई नागम्मा, आम्ही सगळे त्यांना अव्वा म्हणतो, ओसरीत तंबाखू मळत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "सुम्नं, उगं गप्प बसून कुणाला काय आलंय गं? जात्यावर बसलं की ओवी सुचते. म्या पाठ जात्यावर केला, माझ्या आईनं जात्यावर केला. हुग्गीच्या भरडीला बसवा की तिला."

हुग्गी म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर. बसव जयंतीला मठात अख्ख्या गावाला जेवण असतं, आणि त्या हुग्गीचा गहू आदल्या दिवशी बायांनी मठाच्या ओसरीत जात्यांवर भरडायचा, गिरणीतला चालत न्हाय. ती भरड म्हणजे कायक. काम न्हवे, कायक. आमच्यात हातानं मन लावून केलेलं काम पूजेच्या जोडीला बसतं. भरडायला बसलेल्या बाईला कुणी उठवत न्हाय. अप्पा समोरून गेले तरी उठून पाया पडायचं न्हाय, लिंगपूजेची वेळ झाली तरी खुंटा सोडायचा न्हाय, हात चालू तीच पूजा. अव्वा हे सगळं मॅडमना समजावत होत्या, मॅडमचे डोळे मोठे होत चालले होते, आणि मी उठून चुलीकडं निघाले होते. कारण लहान पोरीला एकटीला जातं ओढत न्हाय. समोर दुसरी बाई लागते. अव्वांचे गुडघे गेलेले. राहिली मी. आणि मी मठाच्या जात्याला हात लावणार न्हाय असं चारचौघांत बोलून बसले होते.

नवीन लग्न होऊन आले होते तेव्हाची गोष्ट. हौसेनं आमच्या गिरणीवर गहू भरडून, पांढऱ्या फडक्यात बांधून मठात घेऊन गेले होते. भरडीचा सगळा कारभार बानूबाईंकडं. त्यांनी फडकं उघडलं, चिमटीत भरड घेतली आणि सगळ्यांदेखत परत बांधून माझ्या हातात दिलं, इंजिनाची भरड देवाला चालत न्हाय म्हणाल्या. आमच्या घराची चूल ज्याच्यावर पेटते त्याला इंजिन! मी तिथंच बोलले, गिरणीवाल्याची सून तुमच्या जात्याला हात लावणार न्हाय. आणि लावला न्हाय. हुग्गी मात्र दरवर्षी खाल्ली, दोन-दोन वाट्या. राग जात्यावर होता, खिरीवर न्हवता.

मॅडम अप्पांना विचारून आल्या. अप्पा म्हणाले, बसू द्या, ऐकेन, पण मधे थांबली तर थांबली. म्हणजे आता माझ्याशिवाय कुणाचं अडलेलं न्हवतं. मी दोन दिवस तोंड वाकडं करून फिरले, भांडी आपटली, गिऱ्हाइकांवर खेकसले. तिसऱ्या दिवशी शिवकन्या गिरणीत आली, माझ्या समोर बसली आणि जमिनीवर बोटानं गोल गोल काढायला लागली. पुष्कळ गोल झाले. मग म्हणाली, तू बसशील? मी म्हणाले, बसते की, मला काय धाड भरलीय.

आदल्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. उन्हाचा तडाखा सुरू व्हायच्या आधीची वेळ, ओसरीत जात्यांची रांग, बाया जोडीजोडीनं बसलेल्या, गव्हाचा आणि शेणानं सारवलेल्या जमिनीचा वास. बानूबाई सुपानं गहू वाटत होत्या. म्हाताऱ्या झाल्यात, पण नजर तीच. मला बघून म्हणाल्या, आलीस का गिरणी सोडून. जिभेवर पुष्कळ आलं. मी ते गिळलं आणि म्हणाले, पोरीसाठी आले. बानूबाईंनी पोरीकडं बघितलं, मग रांगेतल्या एका जात्याचा खुंटा हलवून बघितला, दगडानं ठोकून घट्ट केला आणि म्हणाल्या, हे हलकं फिरतं, इथं बसा. एवढंच. मला वाटलं होतं की त्या क्षणी मला लई कमीपणा वाटंल. पण खुंटा ठोकणाऱ्या त्या सुरकुतलेल्या हाताकडं बघताना मला दुसरं काहीच वाटलं न्हाय, फक्त वाटलं, घट्ट बसू दे बाई.

समोरासमोर बसलो. खुंट्यावर खाली तिचा हात, वर माझा. आणि काय सांगू, गिरणीत जन्म गेला आणि मला जातं ओढता येईना. मी इंजिनासारखी ओढायला लागले. शिवकन्या म्हणाली, आई, लई जोरात, हळू. तिनं डाव्या हातानं गव्हाची मूठ घातली, उजव्या हातानं मला वळण दिलं, आणि दोन-चार फेऱ्यांत जातं एका चालीला लागलं. भरड कडेनं पडायला लागली. जाडसर, पिवळट, कोमट. तो वास गिरणीतल्या पिठाला नसतो हे मला कबूल करावं लागंल, बानूबाईंसमोर न्हाय, पण करावं लागंल. तेवढ्यात पोरीनं पहिलं वचन सुरू केलं. कुणी सुरू कर म्हणालं न्हवतं.

अप्पा आले ते मला दिसले, तिला न्हाय. खडावांचा आवाज जवळ आला, रांगेतल्या एकाही बाईनं मान वर केली न्हाय, जाती फिरत राहिली. अप्पा शिवकन्याच्या मागं खांबापाशी येऊन उभे राहिले. त्यांच्या शेजारी शिवरंजनी मॅडम, हाताची घडी घातलेली, मॅडमच जशा काय परीक्षेला बसल्या होत्या. आणि मग मला सगळंच ऐकू यायला लागलं. गोठ्यात वासरू हंबरलं. आता बघंल तिकडं. रस्त्यावर टमटमवाला गाणं लावून गेला. आता उठंल. माशी तिच्या गालावर बसली, मानेवर बसली. मी मनातल्या मनात त्या माशीच्या सात पिढ्या उद्धरल्या. पोरीनं नुसती मान झटकली आणि पुढची मूठ घातली. तिची नजर जात्याच्या तोंडावर, जिथं गहू आत जातो तिथं. मी नऊ वर्षांत तिची नजर एका जागी इतका वेळ कधी बघितली न्हवती. तिचे डोळे घारे आहेत हे मला ठाऊक होतं, पण त्यात एवढी काळी कड आहे हे मी त्या दिवशी बघितलं.

वचनं मागं पडत गेली. मी मोजत न्हवते, मोजायची हिंमत न्हवती. आणि मग ते वचन आलं, त्या दिवशी गिरणीत जे मध्यावर तुटलं होतं ते. मी ते ओळखलं. ती त्या ओळीशी आली, अडखळली, ओठ नुसते हलले. भीतीनं माझा हात थिजला. जातं थांबलं. अप्पांच्या खडावा किंचित हलल्या आणि मला वाटलं, संपलं, माझ्याच हातानं संपलं.

शिवकन्यानं वर बघितलं. घाबरलेली न्हवती. चिडली होती, अगदी माझ्यासारखी.

"आई, हात थांबवू नको," ती म्हणाली. "हात थांबला की मला पुढचं दिसत न्हाय."

मी खुंटा ओढला. जातं फिरलं. अर्ध्या फेरीत तिला ती ओळ सापडली, तिच्यामागून पुढची, आणि मग ती थांबलीच न्हाय. मला रडू फुटलं होतं, पण हात चालू होता. नाकावरून पाणी जात्यात पडंल म्हणून मी मान वळवली, तर पलीकडच्या जात्यावरच्या बायाही तिच्याच चालीवर ओढायला लागल्या होत्या, अख्खी रांग, एकाच वेळी पुढं, एकाच वेळी मागं. कुणी ठरवलं न्हवतं. नऊ वर्षं मी ह्या पोरीला जगाच्या चालीला बसवायला बघत होते, आणि आता ओसरीभर बाया माझ्या पोरीच्या चालीला बसल्या होत्या. मला असा अभिमान वाटला की छातीत मावेना. वाटलं हैदराबाद रोडला उभं राहून ट्रक अडवावेत आणि एकेकाला खाली उतरवून सांगावं.

शेवटचं वचन झालं. सुपात गहू अजून उरला होता. शिवकन्यानं मूठ घातली, इकडंतिकडं बघितलं आणि मला म्हणाली, झालं की, आता काय म्हणू? मी काही बोलणार तेवढ्यात मागून अप्पा म्हणाले, "पहिल्यापासून म्हण बाळ. गहू उरलाय."

ती दचकून वळली. अप्पांना बघून सवयीनं उठायला लागली, तर शेजारच्या जात्यापाशी गहू वाटत आलेल्या बानूबाईंनी तिच्या मांडीवर हात ठेवून तिला खाली बसवलं. कायकातून उठायचं न्हाय, म्हणाल्या. मग अप्पा पुढं आले आणि सारवलेल्या जमिनीवर, आमच्या जात्याच्या शेजारी, मांडी घालून बसले. गळ्यातली डबी उघडली, आपलं लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि नजर त्यावर ठेवली. पोरीला जे जमत न्हवतं ते अप्पा तिच्या शेजारी बसून करत होते, आणि तिला जे जमत होतं ते ती करत होती. तिनं पहिलं वचन परत सुरू केलं, ह्या वेळी मोठ्यानं, गिरणीवाल्याच्या पोरीसारखं.

खांबापाशी मॅडमनी अप्पांकडं बघितलं. अप्पांनी नजर न हलवता मान तेवढी हलवली. मॅडमनी माझ्याकडं बघून हात वर केला आणि पाची बोटं पसरली. पाचवी. मला ती बोटं धड दिसेनात, डोळे भरून आले होते. पुसायला एक हात तरी मोकळा करावा असं वाटलं, पण समोर पोर बघत होती. मी दोन्ही हात खुंट्यावर ठेवले आणि ओढत राहिले.